निम्म्या उंचीच्या पोरी

"माणसं लहान कर," कर्णिक सर म्हणाले.

मी माउसवरचा हात काढला. "किती लहान?"

"मैदान बसेल इतकी."

स्क्रीनवर परळच्या एका चाळीच्या जागी उभी राहणार असलेली बिल्डिंग होती. समोर अंगण. त्या अंगणात कबड्डीचं मैदान दाखवायचं होतं आणि ते बसत नव्हतं. बसणार कुठून? बिल्डिंग आणि समोरचा पोडियम यांच्यामध्ये प्लॅनवर जागाच सहा मीटर. पोडियम म्हणजे बिल्डर शेजारी विकायला जो टॉवर बांधणार होता, त्याच्या पायाशी गाड्या ठेवायला बांधलेले मजले. मुलींच्या मैदानाची रुंदी आठ मीटर. आठ मीटरचं मैदान सहा मीटरमध्ये बसवायला मी काय जादूगार आहे? पण सरांना जादू नको होती. त्यांना सोपा उपाय सापडला होता. माणसं लहान केली की जागा आपोआप मोठी दिसते.

मी बिल्डिंगची चित्रं काढते. म्हणजे अजून न बांधलेल्या बिल्डिंगची. आर्किटेक्ट प्लॅन देतो, तो वरून पाहिलेला नकाशा. एलिव्हेशन देतो, तो समोरून पाहिलेला सपाट चेहरा. साध्या माणसाला दोन्हीतलं काही कळत नाही. त्याला रस्त्यावर उभं राहून आपलं घर कसं दिसेल ते बघायचं असतं. ते चित्र म्हणजे पर्स्पेक्टिव्ह. सुरुवातीला मी ते ड्रॉइंग बोर्डवर काढायचे, टी-स्क्वेअर आणि शाईची पेनं घेऊन. एक डाग पडला की अख्खा कागद फुकट. मग कॉम्प्युटर आले, वेक्टरचं सॉफ्टवेअर आलं आणि मी ते दादरच्या एका क्लासमध्ये जाऊन शिकले.

वेक्टर म्हणजे काय ते सांगते. फोटो ठिपक्यांचा असतो, फार मोठा केला की फाटतो. वेक्टरमध्ये ठिपके नसतात, रेषा असतात. ही रेषा इथून तिथवर, एवढी जाड, या रंगाची, इतकंच कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. त्यामुळे पोस्टकार्डाएवढं चित्र काढा आणि भिंतीएवढं छापा, कडा तशाच कोरीव राहतात. दुसरी सोय म्हणजे चित्रातली प्रत्येक वस्तू सुटी राहते. खिडकी वेगळी, झाड वेगळं, माणूस वेगळा. आम्ही त्या वेगवेगळ्या लेयरवर ठेवतो. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. एक कागद बिल्डिंगचा, एक झाडांचा, एक माणसांचा. झाडं नको असली तर तो एक कागद उचलायचा. यातली सोय कुणालाही कळेल. यातला धोका मला त्या वर्षी कळला.

आणि पर्स्पेक्टिव्हचं म्हणाल, तर सगळा खेळ एका आडव्या रेषेवर चालतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ती रेषा असते. आम्ही तिला होरायझन म्हणतो. गच्चीची कड, छज्जे, जोतं, लांब पळणारी प्रत्येक कड त्या रेषेवरच्या एका बिंदूत जाऊन मिळते. यात एक गंमत आहे. तुम्ही सपाट जमिनीवर उभे असाल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी त्याच रेषेत येतात. माणूस जवळ असो की लांब. लांबच्याचे पाय वर सरकतात, डोकं जागचं हलत नाही. खोटं वाटत असेल तर लालबागच्या बाजारात उभं राहून बघा.

म्हणून माणसं लहान करणं हे नुसतं लहान करणं नसतं. ती डोकी रेषेच्या खाली घसरतात. माणसं बुटकी होतात.

"सर, ही माणसं तीन फुटांची होतील," मी म्हटलं.

"कोण मोजतंय?"

"मी मोजतेय."

"तू काढ, वैशाली. मोजायला आर्किटेक्ट आहे."

कर्णिक सर वाईट चित्रकार नव्हते. दादरला वाढलेले, बोलणं शुद्ध, हात तर असा की जलरंगात आकाश टाकावं ते त्यांनीच. मला पर्स्पेक्टिव्ह त्यांनीच शिकवलं. डोक्यांची रेषा सांभाळ, हे त्यांचंच वाक्य. त्यामुळे मला जास्त संताप आला. न कळणाऱ्याने चूक करणं वेगळं. ज्याला कळतं त्याने शांतपणे चहा पीत सांगणं की पोरींचे पाय अर्ध्यात कापून टाक, हे वेगळं.

शिवाय चाळ कुठली? माझ्या माहेरची. सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

आता या मैदानाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर एवढा काय कबड्डीचा कैवार असं वाटेल. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील लूम खात्यात. भोंगा बंद पडला आणि चाळीतले सगळे बाप्ये दिवसाढवळ्या घरात दिसायला लागले. आमच्या शेजारचे दत्ताकाका जुने कबड्डीवाले, मिलच्या टीममधून खेळलेले. गॅलरीत बसून बसून त्यांचं डोकं उठलं. एक दिवस त्यांनी अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या आणि मुलींना हाका मारल्या. मुलींना, कारण मुलगे एव्हाना मिळेल त्या कामाला जुंपले गेले होते. काकांची सुलभा रेडर, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत घुसून गडी बाद करणारी. मी लेफ्ट कॉर्नर, म्हणजे आलेल्या रेडरचा घोटा धरणारी. आयांनी सुरुवातीला कटकट केली. गुडघे फोडून घेतले तर लग्न कोण करील, वगैरे.

संप कधी मिटला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मिल गेली ती गेलीच. पण सुलभा त्या मैदानावरून स्पोर्ट्स कोट्यात रेल्वेत लागली. स्पोर्ट्स कोटा म्हणजे खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या नोकऱ्या. तिच्या मागोमाग चाळीतल्या पोरी कुणी पोलिसात गेल्या, कुणी बँकेत. ज्या घरात बापाची नोकरी गेली, त्या घरात पोरीची नोकरी त्या अंगणातून आली. दत्ताकाका गेल्यावर सुलभा ड्युटीवरून आली की पोरींना शिकवायला उतरायची. म्हणून चाळीने बिल्डरला पहिल्या मीटिंगलाच सांगितलं होतं की बाकी चर्चा करू, मैदान राहिलं पाहिजे.

आणि बिल्डर म्हणाला होता, राहील. चित्र दाखवतो.

मी ऐकत नाही म्हटल्यावर सरांनी बिल्डरच्या माणसाला स्टुडिओत बोलावलं. आमचा स्टुडिओ परळलाच, एका बंद मिलच्या गोडाऊनमध्ये, जिथे एके काळी कापडाच्या गाठी ठेवायचे. मल्होत्रा नाव त्याचं. प्रोजेक्ट मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

"मॅडम, अ‍ॅग्रीमेंट में ओपन स्पेस लिखा है," तो म्हणाला. "ओपन स्पेस हम दे रहे हैं. कबड्डी का ग्राउंड सिर्फ फील के लिए है."

"पोरी काय फीलवर खेळणार?"

"वैशाली," सर म्हणाले.

"नाही सर, मला सांगू द्या. ही सहा मीटरची जागा आहे ना, ती फायर ब्रिगेडची गाडी आत यायला मोकळी ठेवायची आहे. प्लॅनवरच लिहिलंय. तिथे यांनी माती टाकायची म्हटली तरी मैदान बसत नाही."

मल्होत्रा हसला. "सब करते हैं मॅडम थोडा अ‍ॅडजस्टमेंट. नीचे लिख देंगे, आर्टिस्ट्स इम्प्रेशन."

आर्टिस्ट्स इम्प्रेशन म्हणजे चित्रकाराची कल्पना. ब्रोशरच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात. उद्या कुणी विचारलं की हो हे चित्रात होतं ते कुठाय, तर बोट त्या अक्षरांकडे. म्हणजे लबाडी बिल्डरची आणि कल्पना माझी. वा रे वा.

मी खरं ते काढलं. सहा मीटरचा रस्ता, कडेला एक स्कूटर, सायकल घेऊन एक काका, तळमजल्याच्या ऑफिसचं दार आणि त्या दारात खांद्याला पर्स अडकवून उभी असलेली एक बाई. ती बाई मी सुलभावरून काढली होती. ड्युटीवरून येते, तशी एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर. तिचं अर्धं अंग चौकटीआड जात होतं म्हणून मी तिला माणसांच्या लेयरवर न ठेवता बिल्डिंगच्या लेयरवर ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सरांनी चित्र पाहिलं. "ठीक. फाइल ठेव सर्व्हरवर. मी बघतो."

सर "मी बघतो" म्हणाले की विषय संपला असं आम्ही धरायचो. मीही धरला.

पुढच्या एका रविवारी सुलभाचा फोन. मी तेव्हा माहीमला सासरी. पोळ्या लाटत होते.

"काय झक्कास काढलंयस गो वैशू," ती म्हणाली. "मैदान डिट्टो. पोरी नुसत्या नाचतायत. तू ये ना संध्याकाळी, सह्या आहेत आज."

"कसलं मैदान?"

"कसलं म्हणजे? आपलं मैदान. एवढा मोठा फ्लेक्स लावलाय बिल्डरने. खाली तुझं नाव पण आहे, माहेरचं आडनाव टाकून. तावडेकाका तर म्हणाले, वैशूने काढलंय म्हणजे बघायला नको, डोळे मिटून सही करा."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी स्टुडिओत चित्रं काढली, एकावर कधी माझं नाव आलं नाही. स्टुडिओचं नाव यायचं. मी एकदा मागितलंही होतं, तेव्हा सर म्हणाले होते, आपल्याकडे तशी पद्धत नाही. आणि आता नाव टाकलं तर ते इथे. माहेरच्या आडनावासकट. म्हणजे चाळीने ओळखावं म्हणून. माझ्या आईबापाची त्या चाळीत जी काय पत होती, ती यांनी फुकटात काढून फ्लेक्सवर छापली.

पोळ्या तशाच टाकून मी टॅक्सी केली.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याला तो फ्लेक्स बांधलेला. खाली टेबल, टेबलावर संमतीचे कागद, पेनं, आणि शेजारी मल्होत्रा वेफर्सच्या पुड्या वाटत होता. सह्यांना अजून सुरुवात व्हायची होती, कारण चेअरमन तावडेकाका पहिली सही करणार होते आणि ते चष्मा शोधत होते.

मी फ्लेक्स बघितला. बिल्डिंग माझीच, रेषान् रेष माझी. स्कूटर गायब. सायकलवाले काका गायब. रस्त्याच्या जागी तांबूस मातीचं मैदान, पांढऱ्या रेघा, दोन्ही बाजूंना पोरी, भोवती टाळ्या वाजवणारी माणसं, वर दोन झाडं. ऐसपैस. सरांनी स्वतः बसून केलं होतं, हात ओळखू येत होता. माणसांचा लेयर उचलला, त्यावर खेळाडू टाकले, सगळे एकत्र सिलेक्ट केले आणि कोपरा धरून निम्मे केले. वेक्टर ना ते. एका ओढीत काम. कडा कोरीव.

पण दारातली बाई बिल्डिंगच्या लेयरवर होती. ती तशीच राहिली.

चाळीला हे का दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. दिसत नाही. नव्या घराचं चित्र समोर आलं की प्रत्येक माणूस आधी स्वतःची खिडकी शोधतो. सगळे वर बघत होते. आमची ती, तुमची ती, त्यांची कोपऱ्यातली, त्यांना दोन मिळाल्या की काय. खाली जमिनीवर कोण किती उंचीचं आहे हे बघायला कुणाला सवड?

"वैशू आली," सुलभा मोठ्याने म्हणाली आणि चार माणसं उगाच टाळ्या वाजवायला लागली. त्या टाळ्या ऐकून मला रडू येईल असं वाटलं. मग राग आला, ते बरं झालं.

मी सुलभाचा हात धरून तिला फ्लेक्सखाली नेलं. "ती दारातली बाई बघ. कोण आहे?"

तिने डोळे बारीक केले. "मी आहे काय? पर्स माझीच दिसते. उभी राहते पण तशीच. मेल्ये, सांगितलं नाहीस ते."

"आता तिच्या बाजूला कोपऱ्यावर जी पोर उभी आहे, ती बघ. दोघींचे पाय एकाच रेषेत आहेत. म्हणजे दोघी शेजारी शेजारी आहेत."

सुलभा बघत राहिली. "ही माझ्या कमरेला लागते," ती हळूच म्हणाली.

"आणि दाराचं हँडल बघ."

"हँडल हिच्या डोक्याच्या वर आहे." आता ती हळू बोलत नव्हती. "वैशू, या काय बालवाडीच्या पोरी आहेत?"

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "सुलभाताई पोरींना पाळणाघरात सोडायला आलीय वाटतं." लोक हसले. मग एकेक जण उठून जवळ आला आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी चित्राच्या खालच्या भागाकडे बघितलं. हसणं बंद झालं.

मल्होत्रा पुढे आला. "मॅडम, ये तो पर्स्पेक्टिव्ह है. दूर की चीज छोटी दिखती है. आपको तो पता है."

मला पर्स्पेक्टिव्ह शिकवत होता. मला.

"सुलभा, पोरींना मैदानात उभं कर," मी म्हटलं. "एक पुढे, एक मध्ये, एक पार त्या भिंतीशी. सगळ्या आपल्याएवढ्या उंचीच्या घे. आणि तुम्ही सगळे खुर्च्या सोडून इथे जमिनीवर उभे राहा. एक डोळा मिटा. आता सांगा, भिंतीशी उभी आहे तिचं डोकं कुठे येतंय?"

मंडळी एक डोळा मिटून उभी राहिली. बघण्यासारखं दृश्य होतं. वहिन्या, आजोबा, सगळे.

"पुढच्या पोरीच्या डोक्याच्या रेषेत," तावडेकाका म्हणाले. त्यांना चष्मा सापडला होता. "तिघींची डोकी एका रांगेत आहेत."

"लांबची पोर लहान दिसते, बरोबर. पण डोकं खाली जात नाही. आता फ्लेक्स बघा. बाईचं डोकं इथे, आणि पोरींची डोकी हँडलच्या खाली. लांब आहेत म्हणून नाही. निम्म्या केल्या आहेत म्हणून. पोरी निम्म्या केल्या, मैदान निम्मं केलं, म्हणजे ते जागेत बसलं."

"मग जागा खरी केवढी?" सुलभाने विचारलं.

"सहा मीटर. प्लॅनवर लिहिलंय."

बाकी काही सांगावं लागलं नाही. मैदान आखायचा टेप चाळीच्या ऑफिसात कायमच असतो. सुलभा तो घेऊन आली, बिल्डिंग येणार होती त्या बाजूने सहा मीटर मोजले आणि चुन्याची रेघ ओढली. रेघ मैदानाच्या आत पडली. एका कडेची पट्टी संपूर्ण तिच्या पलीकडे. त्या पलीकडे पोडियमची भिंत येणार होती. पोरी त्या रेघेकडे बघत उभ्या राहिल्या.

मल्होत्रा म्हणाला, "नीचे लिखा है ना, आर्टिस्ट्स इम्प्रेशन."

"मी आर्टिस्ट," मी म्हटलं. "माझं नाव लिहिलंयत. माझं इम्प्रेशन हे नाही. मी रस्ता काढला होता आणि स्कूटर काढली होती. हे तुम्ही बदललंत आणि माझ्या नावाने माझ्याच माणसांना दाखवलंत. लाज नाही वाटली?"

तो फोन लावायला बाजूला गेला. तेवढ्यात तावडेकाका माझ्याजवळ आले. मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, "वैशू, तुझं बरोबर आहे. पण माझे गुडघे गेलेत बाय. गॅलरीच्या टोकाच्या संडासात पहाटे नंबर लावायला मी किती वर्षं उठू? मला घरात संडास हवाय. मैदान काय करू मी?"

ते खोटं बोलत नव्हते. चाळीत अशी किती घरं होती. बिल्डिंग नको असं म्हणणारी मी कोण, मी तर माहीमला स्वतःच्या बाथरूममध्ये आंघोळ करून आले होते.

"काका, संडास मिळणारच आहे," मी म्हटलं. "तो घ्या. बिल्डिंग होऊ दे. पण मैदान देतो सांगून सही घेतायत आणि मैदान नाहीये, हे सही करायच्या आधी कळायला नको का? नंतर पोरींना काय सांगाल, आर्टिस्ट्स इम्प्रेशन?"

काकांनी पोरींकडे बघितलं. त्यांची स्वतःची नात त्यांत होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि मल्होत्राला हाक मारली.

"साहेब, मैदानाची लांबी लिहा, रुंदी लिहा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून आणा. मग पहिली सही माझी. चित्र नको आता."

टेबलावरचे कागद कोरे राहिले. लोक पांगायला लागले. मल्होत्राने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे कर्णिक सर.

"वैशाली, तू कुणाकडे नोकरी करतेस?"

"तुमच्याकडे, सर. नाव माझं कशाला टाकलंत?"

"तुझ्यासाठीच टाकलं. चाळीत तुझा मान वाढला असता."

मला वाटलं होतं, ते म्हणतील क्लायंटचा दबाव होता. म्हणतील माझा नाइलाज झाला. त्यावर मी थोडी नरम पडले असते, खरंच. पण मान. मला मान मिळावा म्हणून यांनी दत्ताकाकांच्या मैदानावर पार्किंग चढवलं होतं. आणि ते मला सांगताना त्यांचा आवाज इतका शांत होता की त्यांना स्वतःलाही ते पटलं असावं.

"डोक्यांची रेषा तुम्हीच शिकवली होती, सर," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

गेले नाही. घरीच एका कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला आणि सुटी कामं घ्यायला लागले. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. बिल्डर लोकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही, ही बाई भांडते म्हणून. अजूनही काही जण माझ्याकडे येत नाहीत. न येवोत.

चाळीचं म्हणाल तर मल्होत्रा परत आला. येणार नाही तर जातो कुठे, सह्यांशिवाय टॉवर उभा राहत नव्हता. बरीच घासाघीस झाली. शेवटी पोडियममधली गाड्यांची एक रांग कमी केली आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये मैदान लिहिलं, लांबी-रुंदीसकट. तावडेकाकांनी पहिली सही केली. बिल्डिंग झाली. काकांना घरात संडास मिळाला आणि त्यांनी तो मला दार उघडून दाखवला.

मैदानही मिळालं. आता त्यांची नियत बघा. लिहून दिलं तेवढंच दिलं, बोटभर जास्त नाही. जिथे मैदानाची रेघ संपते, तिथेच पोडियमची भिंत सुरू. पंचाला उभं राहायला जागा नाही, तो जिन्याच्या पायरीवर उभा राहून शिट्टी मारतो. आणि रेडर जोरात बाहेर आली की सरळ भिंतीवर. पहिल्याच आठवड्यात एका पोरीचा खांदा निखळला. मग सुलभाने घरोघरच्या जुन्या गाद्या गोळा केल्या आणि पूर्ण भिंतीला बांधून टाकल्या. टॉवरवाल्यांनी तक्रार केली की गाद्यांनी बिल्डिंगचा लुक जातो. लुक. तिने ती तक्रार ऐकून घेतली आणि आणखी दोन गाद्या बांधल्या.

आजही लालबाग-परळमधून जाताना मी बांधकामांच्या पत्र्यांवरची चित्रं बघते. बागा, कारंजी, फिरणारी जोडपी. निम्म्यांची डोकी रेषेच्या खाली असतात. अलीकडे तर सॉफ्टवेअरमध्येच पर्स्पेक्टिव्हची जाळी मिळते, काहीही टाकलं की आपोआप बरोबर बसतं, तरीही खाली असतात. म्हणजे ते मुद्दाम आहे. तुम्हाला कुणी नव्या घराचं चित्र दाखवलं तर खिडकी मागाहून शोधा. आधी दार शोधा. दाराशेजारी माणूस शोधा. त्याचा हात हँडलला पोचत नसेल तर पेनाचं टोपण लावा.

त्या गाद्या पावसात भिजू नयेत म्हणून सुलभाने वरून तोच फ्लेक्स बांधलाय, चित्राची बाजू आत करून. वाऱ्याने कोपरा उलटला की खाली माझं माहेरचं आडनाव दिसतं आणि वर त्या निम्म्या पोरी. मी तिला कितीदा म्हटलं, फाडून टाक गो ते, मला बघवत नाही.

"फाडू कशाला?" ती म्हणते. "बिल्डरने दिलेल्यापैकी एवढंच गळत नाही."